एक घुबड, तीन कागद

रात्री साडेबाराला आम्ही तिघं तात्यांच्या गोठ्यामागच्या शेकोटीपाशी परत जमलो आणि आपापले कागद उजेडात धरले. माझ्या कागदावर होतं, 'हूऽ. खोल. एकच सूर.' गुरुजींच्या कागदावर, 'बु-हू-हू. तीन सूर, शेवटचा विरत जाणारा.' आणि आमच्याबरोबर आलेल्या बी. एस्सी.च्या मुलीच्या कागदावर, 'बु-हूऽ. दोन सूर, पहिला तोकडा, दुसरा लांब.' वेळा जुळत होत्या : १०.४२, १०.५०, ११.०५. आवाज ओढ्याकडून आला यावरही एकमत होतं. पण शेवटच्या रकान्यात तिघांनी तीन नावं लिहिली होती. मी वनघुबड, गुरुजींनी मत्स्य घुबड, तिनं शृंगी घुबड.

हे प्रकरण त्या तीन कागदांचं आहे. रात्री घुबड दिसत नाही, ऐकू येतं, आणि ऐकलेल्याला नाव देताना आपण कुठे कुठे घसरतो हे मला त्या मार्गशीर्षात जितकं स्वच्छ कळलं तितकं आधीच्या बारा हिवाळ्यांत कळलं नव्हतं.

जागा कऱ्हा नदीच्या खोऱ्यातली, जेजुरी ओलांडून बारामतीकडे उतरत जाणाऱ्या जिरायती पट्ट्यातली. गावाचं नाव देत नाही. दिवाळीच्या सुमारास अघोरी विधींसाठी घुबडं पकडली जातात, विकली जातात, आणि छापलेला पत्ता नको त्या हातात पडायला वेळ लागत नाही. ओढा उत्तरेकडून दक्षिणेला वाहतो. वरच्या अंगाला दोन पुरुष उंचीची मातीची दरड, खाली अर्ध्या किलोमीटरवर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आणि त्याच्या काठाला जुनी चिंचेची, करंजाची झाडं. पूर्वेला उघडा माळ. पश्चिमेला ज्वारी, हरभरा, थोडा गहू, आणि तात्यांची विहीर.

तात्यांनीच गुरुजींना सांगितलं होतं, "दरडीत काहीतरी घुमतंय वो रातचं." ही दरड तात्यांच्याच मालकीची, आणि संक्रांतीनंतर तिथे जेसीबी लागणार होता. शेतरस्त्याला मुरूम हवा होता, दरडीच्या पोटात तो भरपूर होता. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, पक्ष्यांचे वेडे. त्यांनी मला फोन केला.

म्हणून नावाला महत्त्व होतं. शृंगी घुबड घरटं बांधत नाही. ओढ्याकाठच्या दरडीवर, कपारीत, एखाद्या मातीच्या पायरीवर उथळ खळगा करून थेट जमिनीवर अंडी घालतं, आणि त्याचा विणीचा काळ साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. ते असेल तर जेसीबीचं बकेट अंड्यांवरच पडणार. मत्स्य घुबड असेल तर त्याचं बिऱ्हाड बहुधा बंधाऱ्याच्या मोठ्या झाडांत असणार. मासे, खेकडे, बेडूक तिथेच. वनघुबडाला आमराई, चिंच, वड आणि त्यांच्या ढोल्या लागतात. म्हणजे तीनपैकी एका नावानं दरड वाचणार होती आणि दोन नावांनी ती खणायला मोकळी होत होती. तात्या शेकोटीपलीकडे उकिडवे बसून आमच्याकडे बघत होते. त्यांना हो की नाही एवढंच हवं होतं.

थंडीतला आवाज

हिवाळ्यात घुबडं जास्त बोलतात असं आपण म्हणतो. ते बऱ्याच जातींच्या बाबतीत खरं आहे, कारण जोड्या जमवायचा आणि हद्द राखायचा हाच हंगाम. पण आपल्याला ती जास्त ऐकू येतात याला आणखी एक कारण आहे, आणि ओळखीतल्या अर्ध्या चुका तिथूनच सुरू होतात.

डिसेंबरच्या निरभ्र रात्री जमीन झपाट्यानं निवते. तिला लागून असलेली हवा गार होते, वरची मात्र तुलनेनं उबदार राहते. आवाज गार हवेत सावकाश जातो, उबदार हवेत वेगानं. त्यामुळे वर निघालेला आवाज वळून पुन्हा जमिनीकडे येतो. दुपारी याच्या उलट होतं, आवाज वर उडून जातो. म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी दोन शेतं पलीकडची हाक ऐकू येत नाही आणि पौषात पलीकडच्या गावचा पखवाज उशाशी वाजल्यासारखा वाटतो. त्या रात्री पारा नऊ-दहा अंशांवर होता, चंपाषष्ठी होऊन आठवडा झालेला, दत्तजयंती दोन दिवसांवर. शेजारच्या गावात सप्ताह बसला होता. पखवाजाची थाप इतकी जवळ वाटत होती की ती मुलगी दोनदा मागे वळून बघायची.

अशा हवेत अंतराचा अंदाज पार फसतो. सहाशे मीटरवरचं घुबड दीडशे मीटरवर वाटतं. आणि लांबून येणाऱ्या आवाजातले बारीक तपशील, सुराची खरखर, सुरुवातीचा हलका हुंकार, वाटेतच गळून पडतात. उरतो तो फक्त जाड, खालचा भाग. मोठ्या घुबडांत तोच भाग सगळ्यात सारखा असतो.

लहान घुबडांची ही अडचण नसते. पिंगळ्याची चिरकी कचकच कुणीही ओळखतो. जंगली पिंगळा एकेक करत सुरू होतो, मग वेग धरतो आणि विरतो. शिंगळा घुबड काही सेकंदांच्या अंतरानं एकच प्रश्न विचारल्यासारखा 'वुक्?' करत राहतं, अगदी बेडकासारखं. बहिरी घुबडाचा 'कू-उक्, कू-उक्' मोजता येईल इतका नियमित. पण 'खोल हूऽ' या तीन अक्षरांत शृंगी घुबड, मत्स्य घुबड, वनघुबड, सगळे मावतात, आणि पहाटे भारद्वाजही मावतो. मुलीच्या कागदावर पहाटे ५.५० ला 'हुप हुप हुप, बारा वेळा, भराभर' अशी नोंद होती. तिच्यापुढे तिनं प्रश्नचिन्ह टाकलं होतं. तो भारद्वाज. एका दमात दहा-बारा हुंकार, तेही बाभळीच्या जाळीतून; मोठं घुबड इतक्या भराभर मोजत नाही.

रानपिंगळ्याची गोष्ट

शेकोटीपाशी गुरुजींनी एक आठवण काढली, ती इथे सांगण्यासारखी आहे. रानपिंगळा, म्हणजे एक दुर्मीळ लहान घुबड, १८८४ नंतर कुणाला खात्रीनं दिसला नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, पुन्हा सापडला. तोही दिवसाउजेडी, उघड्या फांदीवर. एकशे तेरा वर्षं त्याला शोधण्यातली एक मोठी अडचण ही होती की तो कसा बोलतो हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. जुन्या संग्रहांत कातडी होती, आवाज नव्हता. त्याच्या आवाजांचं वर्णन १९९९ मध्ये छापून आलं आणि मग शोधणाऱ्यांना रानात कानही वापरता येऊ लागले. मेळघाटात, पुढे ठाणे जिल्ह्यात तानशालाही हा पक्षी नोंदला गेला.

गुरुजींना सांगायचं होतं ते असं की, त्या वर्णनात आधी आवाज होता. किती सूर, किती लांब, मधे किती विराम. आम्ही मात्र त्या रात्री आधी नाव लिहिलं होतं आणि मग आवाज त्या नावाच्या मापाचा ऐकला होता. मला हे लागलं, कारण खरं होतं. त्याच भागात दोन वर्षांपूर्वी मी चिंचेवर वनघुबड पाहिलं होतं. 'हूऽ' कानावर पडताक्षणी ते डोळ्यांसमोर आलं आणि पुढचं मी ऐकलंच नाही.

दुसरी रात्र

काल्याचं कीर्तन होऊन गाव शांत झालं, तेव्हा चौथ्या रात्री आम्ही पुन्हा गेलो. या वेळी ठरवलं : नावाचा रकाना घडी घालून बंद. घड्याळं सेकंदापर्यंत जुळवायची. प्रत्येक हुंकाराला चार गोष्टी : वेळ, सूर किती, पुढच्या हुंकारापर्यंत विराम किती, आणि होकायंत्रावर दिशा.

जागा त्याच. मी विहिरीपाशी, गुरुजी ओढ्याच्या वळणात, मुलगी माळावर.

पावणेअकराला पहिला आवाज आला आणि मी लिहिलं, 'एक सूर.' पुन्हा तेच. मग माझं लक्ष गेलं ते कानात मुरलेल्या मोटारीकडे. शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रपाळीला होती आणि तात्या गव्हाला दारं धरत होते. मोटारीचा गुंगाट इतका सतत असतो की पाच मिनिटांत तो ऐकू येईनासा होतो. येणं थांबत नाही, आपण त्याची दखल घेणं थांबवतो. मी शेतात गेले. तात्या गुडघाभर चिखलात, खांद्यावर फावडं, डोक्याला मफलर.

"तात्या, दहा मिनिटं मोटार बंद कराल?"

रात्रीच्या विजेची दहा मिनिटं मागणं सोपं नसतं, हे मला माहीत होतं. त्यांनी काही विचारलं नाही, जाऊन बटण दाबलं.

मोटार थांबली तशी आधी खूप मोठी शांतता झाली. मग रातकिडे आले. मग पाटातलं पाणी. आणि मग, लांबच्या दरडीकडून, 'बु-हूऽ.' तो 'बु' इतका हलका, इतका तोकडा होता की दारावर बोटाच्या मागच्या बाजूनं एकदा टकटक केल्यासारखा. त्याच्यामागून लांब, भरीव 'हूऽ'. मी पहिल्या रात्री दोन तास फक्त दुसराच सूर ऐकत होते. पहिला मोटारीनं गिळला होता.

घरी येऊन पहिल्या रात्रीचं मोबाइलवरचं ध्वनिमुद्रण संगणकावर आवाजाच्या चित्रात बदलून बघितलं. तळाशी मोटारीच्या आडव्या रेघा, अगदी आखून काढल्यासारख्या. आपली वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून मोटारीची गुणगुण शंभर, दोनशे, तीनशे अशी चढत जाते. त्या रेघांवर घुबडाचा लांब सूर जाड फटकाऱ्यासारखा उमटलेला. तोकडा सूर कुठे असावा हे माहीत असल्यावरच दिसला, तोही पुसट. ओळख सांगणाऱ्या ॲपनं त्या मुद्रणावर काहीच नाव सुचवलं नव्हतं. त्याचा दोष नाही. इतक्या खालच्या सुराला मोबाइलचा माइक असाही फारसा जागत नाही, आणि मी त्याच्यासमोर मोटार लावून ठेवली होती.

गुरुजींचा तिसरा सूर

गुरुजींचा कागद दुसऱ्या रात्रीही तीन सुरांवर ठाम होता. 'बु-हू-हू.' माणूस काटेकोर, कान चांगला. आणि मत्स्य घुबडाचा खोल, घुमणारा दोन-तीन सुरांचा आवाज त्यांनी भीमाशंकरच्या बाजूला ऐकलेला. शिवाय शेवटचा सूर आपल्याला बंधाऱ्याकडून येतो असं ते सांगत होते. पाणी तिथे, मासे तिथे, झाडं तिथे. सगळं जुळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या जागेवर जाऊन उभे राहिलो. ओढा तिथे वळतो आणि त्यांच्या पाठीमागे, दक्षिणेला, वळणाची उभी दरड आहे. कडब्याच्या पेंढीएवढी ओलसर सावली तिच्या पायाशी अजून होती. गुरुजींनी दोन्ही तळहात जोरात एकदा वाजवले.

टाळी. आणि मागून, स्पष्ट, दुसरी टाळी.

ते काही बोलले नाहीत. पुन्हा एकदा वाजवली. मग पावलांनी अंतर मोजत दरडीपर्यंत गेले. साधारण पन्नास मीटर. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो; समोरून आलेला सूर त्यांना ओलांडून पन्नास मीटर मागे जाणार आणि पन्नास मीटर परत येणार, म्हणजे सेकंदाच्या जवळजवळ तिसऱ्या भागानं उशीर. 'बु'चा प्रतिध्वनी 'हूऽ'च्या पोटात लपायचा. 'हूऽ'चा प्रतिध्वनी शेपटासारखा मागे उरायचा, आणि तो यायचा बंधाऱ्याच्या दिशेनं. तिसरा सूर दरडीचा होता.

तिघांच्या दिशा कागदावर आखल्या. माझ्याकडून ईशान्य, गुरुजींकडून (पाठीमागचा सूर वगळून) उत्तर, माळावरून जवळजवळ थेट पश्चिम. तीन रेघा ओढ्याच्या वरच्या दरडीवर, एका खोलीएवढ्या जागेत येऊन मिळाल्या. बंधारा त्या जागेपासून अर्धा किलोमीटर लांब.

आमच्यातली सगळ्यात नवखी मुलगीच बरोबर निघाली. तिचे कान आमच्यापेक्षा चांगले होते म्हणून नव्हे. माळावर ना मोटार होती ना दरड. एक गोष्ट मात्र तिचीच. तिनं लिहिलं होतं की अधूनमधून उत्तर येतं, 'तसंच, पण वरच्या पट्टीत.' पहिल्या रात्री आम्ही ते दुसऱ्या जातीचं समजून बाजूला ठेवलं होतं. ती मादी होती. मोठ्या घुबडांत मादी अंगानं मोठी आणि तरी तिचा हुंकार नरापेक्षा वरचा. तात्यांनी हे आम्हाला आधीच सांगितलं होतं, फक्त आमच्या भाषेत नाही : "एकजण इचारतो, दुसरी सांगती."

जे केलं नाही

पहिल्या रात्रीनंतर त्या मुलीनं सुचवलं होतं की स्पीकरवर तिन्ही घुबडांचे आवाज लावून बघू, ज्याला उत्तर येईल ते खरं. हे बरेच जण करतात आणि उत्तर येतंही. मी नको म्हटलं, आणि याबद्दल मी पुन्हाही नकोच म्हणेन. विणीच्या दिवसांत आपल्या हद्दीत परका नर बोलला असं वाटलं की जोडी सगळं सोडून तिकडे धावते. अंडी जमिनीवर, हवा नऊ अंशांची, खाली मुंगूस आणि कोल्हे. मादी सुमारे पाच आठवडे अंड्यांवर बसते आणि तेवढे दिवस तिचं पोट नराच्या शिकारीवर चालतं. आपल्या एका नावासाठी त्याची एक रात्र भांडणात घालवायला आपल्याला काय अधिकार? ती मुलगी थोडी हिरमुसली. पण चौथ्या रात्री तोच हुंकार तिला पस्तीस वेळा, कुणी न बोलावता ऐकायला मिळाला.

दिवसाउजेडी दरडीजवळ आम्ही गेलो नाही. समोरच्या काठावरून, दीडशे मीटरवरून दुर्बीण लावली. दरडीच्या निम्म्या उंचीवर एका पायरीखाली पांढऱ्या शिटेचे ओघळ होते. बराच वेळ त्यापलीकडे काहीच दिसेना. मग मातीचा एक तुकडा हलला आणि त्याला दोन शिंगं होती. नारिंगी डोळा अर्धा उघडून पुन्हा मिटला.

शेताच्या बांधावरच्या एका धोंड्याखाली, दरडीपासून बऱ्याच अंतरावर, तीन-चार गोळ्या मिळाल्या. घुबड न पचलेली हाडं-केस गोळा करून ओकून टाकतं, त्या. एक मी कागदावर सुईनं उकलली. बाहेरून करड्या केसांची नमद्यासारखी गच्च वीण, आत जबड्याचा तुकडा आणि त्यात पुढचे दोन लांब, नारिंगी झाक असलेले दात. घुशीचे. दुसरीत दोन उंदरांच्या कवट्या. माशाचा एकही खवला नाही, खेकड्याची नांगी नाही. तात्या वाकून बघत होते. त्यांनी तो जबडा उचलून तळहातावर ठेवला आणि विचारलं, "ही एका रातीत किती खात्यात?" आकडा मला ठामपणे सांगता आला नाही. त्या गोळ्या एकाच जागच्या आहेत आणि अशा जागा आणखी असतील, एवढं सांगितलं.

त्यांनी लहानपणी ऐकलेलं सांगितलं : घुबडाला दगड मारू नये, ते दगड उचलून नेतं आणि पाण्यात घासत बसतं, दगड झिजतो तसा माणूस झिजतो. या समजुतीला मी हसत नाही. तिच्या धाकानं या दरडीवर पिढ्यान्‌पिढ्या कुणी दगड टाकलेला नाही.

मुरूम त्यांनी पश्चिमेच्या बांधाकडून काढला. ट्रॅक्टरला लांबून फेरा पडला, दोन दिवस जास्त लागले, त्याचे पैसे त्यांनीच भरले. वरच्या दरडीचं पाडव्यानंतर बघू म्हणाले. पाडव्याला मी गेले तेव्हा दरडीखालच्या घाणेरीत दोन पिल्लं होती, अंगावर अजून पांढुरकी लव, उडता येत नव्हतं पण चालत चालत खाली उतरलेली. तात्यांनी जेसीबीचा विषय काढला नाही, मीही काढला नाही.

एक नोंद मात्र राहिली आहे. दुसऱ्या रात्री पहाटे ३.१० ला गुरुजी जागा सोडून उघड्या बांधावर आले होते. मागे दरड नाही, मोटार बंद. बंधाऱ्याच्या चिंचांकडून एक आवाज आला, वरच्या दरडीवरच्या जोडीपेक्षा जड, पोटातून आल्यासारखा : 'हुं-हुंहुं'. मीही ऐकला. आम्ही पहाटेपर्यंत थांबलो, पौषात दोनदा आणि माघात एकदा पुन्हा गेलो, तो परत आला नाही. गुरुजींना त्या रकान्यात एक नाव लिहायची किती इच्छा आहे हे मला माहीत आहे. कागद त्यांच्याच फायलीत आहे. त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय : 'बंधारा. खोल. तीन सूर. एकदाच.' पुढचा रकाना रिकामा आहे.